आवडत्या रॉक बँडवर लिहायचंय? आधी टाळी कुठे पडते ते ऐका

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तिठ्यावरच्या हॉटेलात चहा घेत बसावं. कुठल्या बुवांचा गजर चढला, कुणाचा पखवाज ऐन वेळी सुटला, कुणी हौसेने पट्टी वर घेतली आणि मग आवाज फाटला, सगळा हिशेब तिथे होतो. हिशेब करणाऱ्यांतल्या एकानेही संगीताची परीक्षा दिलेली नसते. पण कुणी नुसतं "मस्त झालं" म्हणाला की त्याला सोडत नाहीत. "मस्त खय झाला ता सांग मरे!"

आणि याच तिठ्यावरची पोरं आवडत्या रॉक बँडवर लिहायला बसली की लिहितात: अफलातून, अप्रतिम, अंगावर काटा. झालं, लेख संपला. मीही तीन वर्षं असंच लिहीत होतो. मग एकदा लक्षात आलं की ज्या कानाने आपण बुवांना तोलतो तोच कान गिटारला लावायला काय हरकत आहे? हा लेख त्यासाठी. उदाहरणं क्वीन या बँडची घेतोय, कारण माझं वेड ते आहे. तुमचा बँड दुसरा असेल तर नावं बदला, रीत तीच.

(बँड म्हटलं की आमच्याकडे अजून लग्नाचा बँड नाहीतर गणपतीतली बेंजो पार्टी डोळ्यांसमोर येते. घरी "बँडवर लिहितोय" सांगितल्यावर आईने "कुणाचं लगीन?" असं विचारलं होतं.)

बँडवर लिहू नका, गाण्यावर लिहा

क्वीन १९७० साली लंडनमध्ये सुरू झाला. १९७३ ते १९९१ या काळात, म्हणजे त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हयात असताना, त्यांचे १४ स्टुडिओ अल्बम आले. हे सगळं एका लेखात कोंबायला गेलात तर लेखाचं एस.टी.चं वेळापत्रक होतं: अमुक साली हा अल्बम, तमुक साली तो, पुढचा थांबा अमका. वाचणारा वाटेतच उतरतो.

म्हणून एक गाणं घ्या. एक गाणंही मोठं वाटलं तर त्यातला एक तुकडा घ्या. मी पहिला बरा लेख लिहिला तो 'वी विल रॉक यू' या दोन मिनिटांच्या गाण्यावर, आणि त्यातही निम्मा लेख फक्त टाळीवर होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

ऐकायचं कसं

फोनच्या स्पीकरवर ऐकून लिहू नका. एवढी एकच गोष्ट पाळलीत तरी निम्मे लेख सुधारतील. फोनचा स्पीकर खर्ज खाऊन टाकतो. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणं उभंच आहे जॉन डीकनच्या बेस गिटारवर. ते फोनवर वाजवलंत तर भिंती दिसतात, जोता दिसत नाही. महागडं काही घ्यायला नको, बाजारात मिळणारा साधा वायरचा इयरफोन पुरतो. फक्त त्याची दोन्ही बाजू चालतात ना, हे बघा. माझ्या इयरफोनची उजवी बाजू कित्येक महिने मेलेली होती आणि मी त्या काळात एका गाण्यातली "गिटार फारच बारीक आहे" असा अख्खा परिच्छेद लिहिला होता. गिटार बरी होती, ती उजवीकडे होती. या लोकांनी आवाज मुद्दाम डावी-उजवीकडे वाटलेले असतात. 'बोहेमियन रॅप्सडी'च्या मधल्या ऑपेरासारख्या भागात तर आवाज या कानातून त्या कानात उड्या मारतात.

पावसात पत्र्याखाली बसून ऐकण्यात अर्थ नाही, ते वेगळं सांगायला नको. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बंदरावर शांतता असते, त्या दिवसांत माझं सगळ्यात जास्त लिहून होतं. गाणी आधीच उतरवून ठेवा. लाईट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते.

गाणं किमान तीनदा ऐका. पहिल्यांदा हातात पेन नको. दुसऱ्यांदा वही घेऊन. तिसऱ्यांदा एकच वाद्य धरा आणि बाकी सगळं वाजत असताना त्याच्याच मागे जा, जत्रेत पोराचा हात धरून चालतात तसं. ड्रम धरला तर ड्रमच. हे पहिल्या दिवशी जमत नाही. चार-पाच दिवसांनी जमतं.

वहीत मिनिट-सेकंद

दुसऱ्या वेळच्या ऐकण्यात जे जाणवेल त्याच्यापुढे वेळ लिहा. "मध्ये कुठेतरी मस्त बदलतं" असं वहीत लिहिलंत तर आठवड्याने ते तुम्हालाच सापडणार नाही. 'बोहेमियन रॅप्सडी'साठी माझ्या वहीत आहे ते असं: सुरुवातीला वाद्यांचा मारा नाही, आवाजांचा थवा, ०:४९ च्या सुमारास पियानोवर संथ गाणं सुरू, २:३७ ला गिटार, ३:०५ च्या आसपास ऑपेरा, ४:०७ ला एकदम दणदणीत रॉक, ४:५४ पासून सगळं ओसरत जातं, ५:५५ ला संपतं. आणि खाली पेन्सिलने: "ध्रुवपद परत येतच नाही!"

ही शेवटची नोंद लेखाचं बी ठरली. आपल्याला गाणं म्हणजे फिरून फिरून ध्रुवपदावर यायचं, ही सवय. हे गाणं सहा मिनिटं पुढे पुढेच जातं. मला त्यात दशावतार दिसला: एक पात्र आत गेलं, दुसरं आलं, की पेटी-पखवाजाचा रंगही बदलतो, पण नाटक तेच चालू असतं. हे साम्य माझं आहे, क्वीनला दशावतार ठाऊक असण्याचं काही कारण नाही. लेखात तसं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर पुढचा माणूस त्याची दंतकथा करतो.

टाळी

'वी विल रॉक यू' लिहिताना मी अडलो होतो. दोन मिनिटं, त्यात ड्रमचा सेट नाही, बेस नाही, गिटार जवळजवळ शेवटी. लिहायचं काय? शेवटी इयरफोन घेऊन आमच्या वाडीतल्या पखवाजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी रॉक कधी ऐकलेलं नव्हतं. पडवीत बसून त्यांनी डोळे मिटले, उजवा हात मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने म्हणाले, "गाणा खय सुरू झाला?"

"काकानू, ह्याच गाणा."

"ह्या तर पाय आपटतत आणि टाळी मारतत. पखवाज खय?"

"नाय. वाद्यच नाय."

मग ते गप्प झाले आणि मांडीवर बोटं पडायला लागली. धप्, धप्, टाळी, मोकळी. धप्, धप्, टाळी, मोकळी. डोळे न उघडताच म्हणाले, "टाळी मागसून येता. आणि चवथी मोकळी सोडल्यानी हा, म्हणान मजा."

मला तीन वर्षांत जे लिहिता आलं नव्हतं ते काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. आपल्या भजनात समेला वजन असतं, पहिल्या मात्रेवर झांज ठणकते आणि सगळे तिथे भेटतात. इथे वजन पहिल्यावर नाही. पाय आपटून झाल्यावर टाळी येते आणि तिच्यामागे एक रिकामी जागा राहते. पाश्चात्त्य मोजणीत काकांच्या दोन मात्रा मिळून एक ठोका होतो, म्हणजे टाळी चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते. बहुतेक रॉकमध्ये स्नेअरचा, म्हणजे सेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा, फटका इथेच असतो. त्याला बॅकबीट म्हणतात. नवख्या कोकणी कानाला रॉक "विचित्र" का वाटतं याचं अर्धं उत्तर इथे आहे: आपण टाळी पहिल्यावर द्यायला जातो आणि गाणं आपल्याला दुसऱ्यावर बोलावतं.

हे कानाला कळलं की मग कारण शोधायचं. ते असं सापडतं. १९७७ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला आणि तो संपल्यावर लोक घरी न जाता एकत्र गातच राहिले. गिटारवादक ब्रायन मे विचार करू लागला की खच्चून भरलेल्या गर्दीतल्या माणसाला काय करता येईल? हलायला जागा नाही. पाय आपटता येतील, टाळी देता येईल, गाता येईल. त्यातून हे गाणं आलं, त्याच वर्षीच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या अल्बममध्ये. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून ते मुद्रित केलं. मोजक्या माणसांचा आवाज हजारोंचा वाटावा म्हणून त्याच आवाजाच्या प्रती किंचित उशिराने एकमेकांवर रचल्या, आणि हे उशिराचे अंतर मे यांनी मूळ संख्यांच्या हिशेबाने ठेवले. अंतर सारखं असतं तर कातळाच्या घळीत हाक मारल्यासारखा प्रतिध्वनी झाला असता. मूळ संख्यांमुळे ते कुठेच जुळत नाहीत, म्हणून गर्दी वाटते. माणूस मुळात भौतिकशास्त्राचा; बँडपायी अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएच.डी. त्याने इम्पिरियल कॉलेजातून २००७ साली पुरी केली.

आता इथवर माहिती झाली, मत नाही. माझं मत असं होतं: हे गाणं गिटारवाल्याने लिहिलं आणि त्याने स्वतःला शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटापर्यंत बाहेर बसवलं, म्हणून ते टिकलं. जाणता बुवा गजर मंडळींच्या तोंडी सोडून स्वतः पेटीवर बोटं ठेवून थांबतो, तसं. गिटार येते तेव्हा आपण दीड मिनिट पाय आपटून तयार झालेलो असतो. आणि मग ती तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवते नि कोयत्याने नारळ तोडावा तसं गाणं तुटतं. हे कुणाला पटणार नाही. चालेल. पटलं नाही तर कुठे पटलं नाही ते त्याला सांगता येईल, कारण मी जागा दाखवली आहे.

मराठीत लिहिताना

शब्दांवरून फार अडू नका. ड्रम, बेस, सोलो, अल्बम हे मराठीच झालेत. रिफ हा शब्द एकदा समजावा, "गिटारची छोटी, फिरून फिरून येणारी ओळ", आणि पुढे बेधडक वापरा. उगाच "विद्युत तंतुवाद्य" करू नका, हसतील.

आपले शब्द मात्र तिथेच वापरा जिथे ते खरंच बसतात. गिटार सोलोला तान म्हणू नका, ती तान नव्हे. पण १३ जुलै १९८५ ला वेम्बली स्टेडियमवर, लाइव्ह एडच्या कार्यक्रमात, फ्रेडी एकेक आलाप फेकतो आणि सुमारे ७२ हजार माणसं तो तसाच परत करतात, तिथे "बुवांनी सोडलं आणि मंडळींनी ओढलं" याहून चांगलं वाक्य मला सुचलेलं नाही.

हार्मनीला आपल्याकडे चटकन शब्द नाही, कारण आपले कोरसवाले एकाच सुरात गातात आणि तेच कौशल्य मानलं जातं. इथे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांवरचे आवाज एकावर एक बसवलेले असतात. क्वीनमध्ये मर्क्युरी, मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर हे तिघे तेच तेच पुन्हा गाऊन थर चढवायचे. सगळ्यात वर जो बायकी वाटणारा सूर लागतो तो बहुतेकदा टेलरचा. डीकन रेकॉर्डवर गायचा नाही. अशा ठिकाणी शब्द शोधत बसण्यापेक्षा दोन वाक्यं खर्चून काय घडतंय ते सांगा.

खात्री केल्याशिवाय नाव घालू नका

आमच्या मंडळाच्या हस्तलिखितात मी एकदा ठासून लिहिलं होतं की 'अनदर वन बाइट्स द डस्ट' ही फ्रेडीची कमाल. गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने आरतीच्या आधी सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, ते गाणं डीकनचं ना?" डीकनचंच. १९८० च्या 'द गेम'मधलं. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाजली, 'रेडिओ गा गा' टेलरचं, 'वी विल रॉक यू' मे यांचं. गाणारा तोच लिहिणारा, हे आपण गृहीत धरतो. अल्बमच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे नाव छापलेलं असतं, ते बघायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सिंथेसायझर, विजेवर नाना आवाज काढणारं पेटीसारखं वाद्य. १९७५ च्या क्वीनमध्ये भरगच्च काही ऐकू आलं की नवखा लिहितो, "सिंथेसायझरचा सुंदर वापर." वापर नाहीच. 'द गेम'पर्यंत त्यांनी ते वाद्य लावलं नव्हतं आणि सुरुवातीच्या अल्बमांवर तसं अभिमानाने छापलंही होतं. जे भरगच्च वाटतं ते गिटारचे थर. ती गिटार मे आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आणि वाजवायला प्लास्टिकची पिक नव्हे, सहा पेनीचं नाणं. आपल्याकडे पाडलेल्या घराचा वासा पुढे गोठ्याला लागतो, त्या जातीचं काम. हे कळल्यावर मला त्या गिटारचा किंचित खरखरीत आवाज जास्त आवडायला लागला. नाणं तारेला घासतं तो.

आणि पाचगणी. फ्रेडी मर्क्युरीवर मराठीत लिहिणारा प्रत्येकजण पाचगणीला जातो, मीही गेलो. खरं आहे तेवढं असं: १९४६ साली झांझिबारला पारशी घरात जन्म, नाव फारूख बुलसारा, शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, तिथे पोरांच्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो, १९६४ साली कुटुंब इंग्लंडला गेलं. इथे थांबा. "सह्याद्रीच्या धुक्याने त्याचा आवाज घडवला" हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी ते तुमचं स्वप्न आहे, माहिती नाही.

नावडतं लिहायची हिंमत

लाडक्या बँडचं सगळंच गोड लागतं असं लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून कुणी वाचत नाही. एखादा अल्बम पचत नसेल तर लिहा, पण त्याच पद्धतीने, जागा दाखवून. १९८२ चा 'हॉट स्पेस' मला अजून जड जातो. डिस्को-फंक या नाचाच्या संगीताकडे वळले याचा राग नाही. पण कित्येक ठिकाणी ड्रम यंत्राचा आहे आणि मे यांची गिटार लग्नात मागच्या पंगतीला बसलेल्या मामासारखी वाटते, बोलावलंय, पण कुणी वाढत नाही. शेवटचं गाणं मात्र 'अंडर प्रेशर', इंग्लिश गायक डेव्हिड बोवीबरोबरचं, आणि तिथे डीकनची बेसवरची ओळ सुरू झाली की मी सगळं माफ करतो. हेही लिहावं. राग आणि माफी एकाच लेखात आली तर बिघडत नाही.

संगीताबाहेरचं लपवू नका, तेही मला उशिरा कळलं. वर्णद्वेषी राजवट असताना, सांस्कृतिक बहिष्कार धुडकावून, क्वीनने ऑक्टोबर १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीला कार्यक्रम केले आणि त्यावर मोठी टीका झाली. मला ते चुकलंच वाटतं. त्याने गाणी बेसूर होत नाहीत, पण माझ्या लेखात तो परिच्छेद आहे.

गाण्याच्या ओळी

अख्खं गाणं उतरवू नका. हक्क दुसऱ्याचे असतात, आणि वाचणाऱ्याला ते कुठेही मिळतं. फार तर एखादा तुकडा. अर्थ स्वतःच्या मराठीत सांगा. जिथे लिहिणाऱ्यानेच अर्थ सांगितला नाही तिथे गुपित फोडल्याच्या थाटात लिहू नका. 'बोहेमियन रॅप्सडी'चा अर्थ फ्रेडीने शेवटपर्यंत उलगडून सांगितला नाही.

काटछाट

लिहून झालं की चार दिवस वही मिटून ठेवा. मग मोठ्याने वाचा, शक्यतो अशा माणसासमोर ज्याला तुमचा बँड माहीत नाही. तो जिथे "म्हणजे?" विचारेल तिथे खूण करा. मी काकांना वाचून दाखवतो. ते पानाचा डबा उघडायला लागले की समजायचं, हा परिच्छेद गेला.

माझं जुनं वाक्य असं होतं: "या अजरामर गाण्याची सुरुवात अंगावर शहारे आणते आणि गिटार सोलो तर केवळ अप्रतिम!" त्याच जागी आता आहे: "पहिलं दीड मिनिट नुसते पाय, टाळी आणि फ्रेडीचा आवाज, गिटार येते तेव्हा आपण तिची वाट बघून थकलेलो असतो." लांबी जवळपास तीच. अजरामर, शहारे, अप्रतिम हे तिन्ही शब्द गेले आणि काकांनी डबा उघडला नाही. फक्त "थकलेलो"वर अडले. "थकाक कित्याक? मी तर पाय आपटी होतंय," म्हणाले. तो शब्द अजून बदलायचा राहिलाय.